आठाच्या पटीत

रविवार, ४ जानेवारी

आले बाई एकदाची दिल्लीला! निजामुद्दीनला उतरलो तेव्हा धुकं इतकं दाट की सुधन्वा चार हातांवर उभा होता आणि मला त्याचा फक्त मफलर दिसत होता. आर. के. पुरमला पोचलो, जिना चढलो. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. सदतिसाव्या वर्षी माप ओलांडायचं म्हणजे मला हसूच फुटलं. पाय जरा जोरातच लागला, तांदूळ थेट शेजाऱ्यांच्या दारापर्यंत. सासूबाई म्हणाल्या, चलो, आल्याची वर्दी तर सगळ्या बिल्डिंगला दिलीस.

क्वार्टर छान आहे. पहिला मजला, दोन खोल्या, आणि काचा लावून बंद केलेली बाल्कनी. दुपारी तिथे ऊन येतं. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो आणि मला सारखं वाटत होतं, हे माझं घर. माझं! साताऱ्यात इतकी वर्षं आईबाबांच्या घरात, मग पुण्यात प्रसन्नच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या घरात मी कुठल्या तरी खोलीत 'असायचे'. आता बिऱ्हाड माझं आहे.

सुधन्वा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. माणूस सोन्यासारखा. एकच खोड, काही म्हणजे काही स्वतः ठरवत नाही. चहा घेणार का विचारलं तर आधी आईकडे बघतो, मग घड्याळाकडे. माझ्याशी लग्न करायचं हेसुद्धा आईंनीच ठरवलं. मला काय, मी कुणाच्या का होकाराने होईना, इथे आहे.

त्याची पहिली बायको देवयानी तीन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. मी येणार म्हणून सासूबाईंनी सगळे तिच्या भावाकडे पाठवून दिले. समजूतदार बाई. पण मग ती दिसायला कशी होती हे मला कळणार कसं? पदर सारखा करता करता दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, होती आपली चारचौघींसारखी. माझ्यासमोर आणखी काय म्हणणार त्या.

सोमवार, ५ जानेवारी

सकाळी अंघोळ झाल्यावर सासूबाईंनी देवघरासमोर बसवलं आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा छोटा टाक माझ्या गळ्यात घातला. नखाएवढा, त्यावर बाईची ठसठशीत आकृती. मला वाटलं कुलदेवी. तर नाही, ही देवयानी. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवी साडी आधी तिला दाखवायची, गोडाचा पहिला घास तिच्या नावाने काढायचा. म्हणजे ती रागवत नाही. सासूबाई म्हणाल्या की त्यांचाही फारसा विश्वास नाही, पण एवढं केलं तर काय बिघडलं, आणि काही झालं तरी गळ्यातून काढू नकोस.

घातला. पण आता खरं लिहिते. मी जळकुकडी आहे, लहानपणापासून. प्रसन्नच्या ताटात मोठी पुरणपोळी पडली तर मी माझी मोरीत टाकून द्यायचे. आणि आता सवत छातीवर घेऊन हिंडायचं! दिवसभर तो टाक गार लागत होता. लोकरीचा स्वेटर, आत गरम बनियन, तरी गार.

बाल्कनीत टेबलावर कम्प्युटर आहे, तो माझ्या कामाला बरा पडेल. मी पुण्याच्या एका प्रकाशकाची शाळेची पुस्तकं तपासून देते. कम्प्युटर अर्थात तिचा. मॉनिटर जुना, जवळजवळ चौकोनी, सुधन्वाच्या ऑफिसने कंडम ठरवून लिलावात काढलेला. देवयानी त्यावर इथल्या मराठी मंडळाच्या अंकाची पानं लावायची. सुरू केला तर सगळी अक्षरं चेपलेली, उभट. दहा मिनिटांत डोळे दुखायला लागले.

बुधवार, ७ जानेवारी

प्रसन्नला फोन केला. तो पुण्यात कम्प्युटरचंच बघतो. त्याने फोनवर एकेक जागा दाखवली. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेले तर १३७६ बाय १०२४ असा विचित्र आकडा निघाला. प्रसन्न म्हणाला, हे कुणीतरी हाताने घातलेलं कस्टम रिझोल्युशन आहे, दोन पानं शेजारी शेजारी बसावीत म्हणून असेल. तुझ्या मॉनिटरचं स्वतःचं माप १२८० बाय १०२४. ते टाक, अक्षरं सरळ होतील.

नाश्त्याला सुधन्वाला म्हटलं की मी ते बदलणार आहे. तो बघू म्हणाला आणि अर्धा पराठा तसाच ठेवून ऑफिसला गेला. नंतर सासूबाईंनी सांगितलं, ती गेल्यावर तो सहा महिने संध्याकाळी त्या स्क्रीनसमोर नुसता बसायचा. कुणाला हात लावू द्यायचा नाही. मग एकदम बसणं सोडलं, आता तिकडे फिरकतही नाही.

बास! माझं डोकंच फिरलं. माझ्यासाठी कधी अर्धा पराठा टाकलाय? मी तडक जाऊन तो आकडा काढून टाकला. १२८० घातले. स्क्रीन एकदा काळा झाला, मग छोटी खिडकी आली: बदल ठेवायचे की परत जायचं? पंधरा सेकंदांचा आकडा उलटा उतरत होता. प्रसन्न म्हणाला होता, डावीकडचं बटण म्हणजे ठेवा. काहीच दाबलं नाहीस तर पंधरा सेकंदांनी आपोआप पहिल्यासारखं होतं, काही बिघडलं तर माणूस अडकू नये म्हणून. मी अडकायला बसलेच नव्हते. डावीकडचं दाबलं.

अक्षरं कशी छान सरळ! मग आमचा लग्नाचा फोटो मागे लावला. साताऱ्याच्या रजिस्ट्रार ऑफिसच्या पायऱ्या, सुधन्वा, त्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे फोटोत बघताना उजवीकडे मी. डावीकडे नुसती पिवळी भिंत. आणि गळ्यातला टाक काढून मॉनिटरच्या कोपऱ्याला अडकवला. मोठ्याने म्हटलं, घे, तुझी जागा इथे, माझ्या गळ्यात नाही.

फार बरं वाटलं. छाती लगेच उबदार झाली.

शुक्रवार, ९ जानेवारी

फोटोच्या डाव्या कडेला एक हिरवी रेघ दिसतेय. केसाएवढी, वरपासून खालपर्यंत. पुसली, जात नाही. प्रसन्नला विचारलं. तो म्हणाला, रुंदी थोडी वाढवून बघ, पण आकडा आठाच्या पटीत हवा, नाहीतर मशीन घेत नाही. आणि फार वाढवू नकोस ताई, काचेची जागा आहे तेवढीच राहते, एका बाजूला वाढवलंस की दुसऱ्या बाजूचं बाहेर जातं.

१२८८ घातले. रेघ जाण्याऐवजी रुंद झाली. बोटभर. आणि ती रेघ नाही, कापड आहे. पोपटी साडीची कड, त्यावर बारीक जरीचे बुट्टे. पिवळ्या भिंतीसमोर कुणीतरी उभं आहे.

मूळ फोटो मोबाइलवर उघडून पाहिला. तिथे भिंतच आहे. पुन्हा कम्प्युटरवर, साडी.

 देवाशप्पथ सांगते, भीतीच्या आधी राग आला. माझ्या लग्नाच्या फोटोत! खिडकीत आकडे उतरत होते. परत जा दाबता आलं असतं. पण तेवढ्यात मला सुधन्वाचा चेहरा दिसला. फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत होता, मला पक्कं आठवतंय. आता नजर जराशी डावीकडे होती. मी 'ठेवा' दाबलं. बघू दे तरी कोण एवढी लागून गेलीय.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

सकाळी, सगळे उठायच्या आत, १३०४. एक कोपर आलं. बाईचं, डौलदार, उगाच खोटं कशाला बोलू. ते सुधन्वाच्या कोपरात अडकवलेलं. उजवीकडे माझी बाही कडेपलीकडे गेली. प्रसन्न म्हणालाच होता.

दुपारी घरी हळदीकुंकू होतं. माझा पहिला सण, म्हणून सासूबाईंनी काळी साडी आणली होती, हलव्याचे दागिने मागवले होते. ऐन वेळी दागिन्यांचा डबा सापडेना. मंडळाच्या अकरा बायका आल्या. सासूबाईंनी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं, स्टीलच्या गाळण्या. मी रांगेत शेवटी उभी होते. माझ्यापर्यंत आल्या आणि करंडा मिटून आत गेल्या. मला वाटलं चेष्टा करताहेत. नंतर म्हटलं, आई, मी राहिले की. त्या इतक्या ओशाळल्या! म्हणाल्या, अगं, तू इथेच होतीस? माझ्या लक्षातच आलं नाही बघ.

माझ्याच घरचं हळदीकुंकू आणि कपाळ माझंच कोरं. बायका जाताना एकमेकींना म्हणत होत्या, नवी सून दिसली नाही.

शनिवार, १७ जानेवारी

१३२८. तिचा हात पूर्ण दिसतो. मनगटात हलव्याच्या पांढऱ्या बांगड्या. माझ्या डब्यातल्या.

आणि सुधन्वा हसतोय. मी तास न् तास ते हसू बघतेय. दोन आठवड्यांत माझ्याकडे बघून तो एकदाही असा हसलेला नाही. मला वाटायचं, ह्याला येतच नाही तसं हसू. येतं की! माझ्या वाट्याला नव्हतं एवढंच.

माझा डावा हात, माझा लिहिता हात, फोटोतून खांद्यापर्यंत गेला. कालपासून खराही जड आहे. लिहिताना मधेच पेन गळतं. थंडी असेल.

मंगळवार, २० जानेवारी

पार्वती, कामवाली, आली आणि मी समोर बसलेली असताना सासूबाईंना विचारलं, बहूजी मायके गईं क्या? सासूबाईंनी आधण ठेवलं. चहा दोनच कप केला. दुसरा कप सुधन्वाचा.

फोन माझा चेहरा ओळखत नाही. सहा वेळा धरला. चष्मा काढून, घालून. आता आकडा टाकून उघडते.

घाबरले आहे. लिहायला लाज वाटत नाही, फार घाबरले आहे. ठरवलं, टाक परत गळ्यात घालायचा, पाया पडायचं तिच्या, साडी दाखवायची, घास काढायचा, सगळं करायचं. मॉनिटरचा कोपरा रिकामा आहे. टेबलाखाली, मागे, केरात, सगळीकडे पाहिलं. पार्वतीला विचारलं. ती माझ्याकडे न बघता फडका मारत राहिली.

मग १२८० घातले. झालं, मिटलं म्हणून. स्क्रीन सरळ झाला, भिंत पिवळी, मी सबंध, अगदी बांगड्यांपर्यंत. पंधरा, चौदा, तेरा. बोट डावीकडच्या बटणावर होतं. आणि मनात आलं, आता ह्यापुढे ती मला कधीच दिसणार नाही. त्याला ती जन्मभर आठवणार आणि मला ती माहीतच नसणार. मी कुणाशी भांडणार?

बोट उचललं. आकडा शून्यावर गेला आणि ती परत आली. मग मी स्वतःच्या हाताने १३४४ केले.

शुक्रवार, २३ जानेवारी

१३६०. छाती, गळा. चेहरा नाही. मान पलीकडे कलवलेली, मुद्दाम, मला चिडवायला. फक्त केसांची बट.

गळ्यात काळा दोरा. दोऱ्यात चांदीचा टाक. मोठा करून पाहिला. टाकावरच्या बाईला चष्मा आहे.

देवयानीला चष्मा नव्हता. सासूबाईंना विचारून घेतलं. म्हणजे विचारलं मी दोनदा आणि उत्तर त्यांनी खिडकीकडे बघत दिलं, स्वतःशीच बोलल्यासारखं. देवयानीची नजर शेवटपर्यंत किती चांगली होती, सुईत दोरा ती ओवायची.

चष्मा मला आहे.

काल सुधन्वा पलंगाच्या मधोमध झोपला. मी म्हटलं सरक. सरकला नाही. कड राहिली होती, वीतभर. तिच्यावर झोपले.

रविवार, २५ जानेवारी

प्रसन्नला फोन. हॅलो हॅलो म्हणत राहिला. मी ओरडत होते — त्याने बायकोला हाक मारून सांगितलं, दिल्लीहून कुणीतरी — ठेवला.

अर्धा चेहरा उरलाय माझा. एक काच चष्म्याची.

आणखी सोळा. सोळा वाढवले की ती पूर्ण दिसेल. १३७६. तिचाच आकडा तो.

नाही घालणार. नाही.

सोमवार, २६ जानेवारी

सासूबाई आणि तो खाली झेंडावंदनाला गेलेत. अकरापर्यंत येत नाहीत. नीट विचार केलाय. १३७६ घालायचे, पण 'ठेवा' दाबायचं नाही. काहीच दाबायचं नाही. पंधरा सेकंद तिला डोळे भरून बघायचं, मग आपोआप पहिल्यासारखं होतं. मग १२८० कायमचे. वही मांडीवर घेतलीय, ती कशी आहे ते लगेच लिहून ठेवणार. म्हणजे पुन्हा बघावंसं वाटायला नको.

घातले. स्क्रीन काळा —

आली.

साधी आहे. अगं बाई, किती साधी! सावळी. नाक जरा बसकं. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. हिच्यासाठी मी — हिच्यासाठी! मला हसू येतंय, रडूही. मी तर हिच्यापेक्षा — फोटोत मी कुठेच नाही. असू दे. बारा सेकंद आहेत.

आकडे हळू उतरताहेत, का मीच भराभर लिहितेय —

दाराची कडी. सुधन्वा. आईंची शाल न्यायला आलाय. इकडे आला. इतक्या दिवसांत कधी — बाल्कनीत आला, स्क्रीनकडे बघतोय. खुर्चीवर बसला. मी बसले होते त्याच खुर्चीवर. मी भिंतीला कशी लागले —

नऊ. त्याने हातमोजे काढले. ती खिडकी वाचतोय. ठेवायचे की परत जायचं.

अरे काही करू नकोस. नुसता बस. एवढंच कर, काही करू नकोस, जन्मभर तेच केलंस ना. त्याच्या कानात ओरडतेय. त्याने मफलर कानावर ओढला.

सहा. त्याची नजर उजव्या कडेला गेली. माझ्या जागेला. थांबली तिथे. त्याला आठवतंय — आठवतंय वाटतं, कपाळाला आठी पडली — मी, हेमांगी, हेमा म्हणायचास ना, परवापर्यंत —

चार. आता डावीकडे बघतोय. तिच्याकडे.

हसला. तसं हसला.

माझ्याकडे वळून एकदा — एकदा तरी मला — तीन — त्याने माऊस धरला, कुणाला न विचारता, आईला न विचारता — सुधन्वा, अरे मी इथे आहे, तुझ्या पाठीशी, वळून तर — दोन — बाण डावीकडच्या बट